प्रकल्प नोंदी: करप्याची बुरशी, तिची चरबी आणि एक गाळलेले जनुक

३ जून

उणे २० अंशांच्या फ्रीझरमधून गाळणकागदाची चकती काढली आणि कंप्लीट मीडियमच्या (बुरशीला लागणारं सगळं अन्न असलेल्या आगरच्या) प्लेटवर मधोमध ठेवली. कोरड्या कागदात शिरून बसलेली ही बुरशी वर्षानुवर्षे झोपून राहू शकते, आणि ओलावा मिळाला की काही दिवसांत चकतीच्या कडेने राखाडी लव दिसायला लागते. जुन्या प्लेटवरून नव्या प्लेटवर सारखी उचलत राहिलं तर मात्र ती बिघडते. बीजाणू कमी होतात, रोग करण्याची ताकद घटते. म्हणून या प्रकल्पात प्रत्येक मोठा प्रयोग नव्या चकतीपासूनच सुरू करायचा, असं आजच ठरवून टाकलं.

बुरशी म्हणजे भातावर करपा आणणारी मॅग्नापोर्थे ओरायझी. नव्या वर्गीकरणात पायरिक्युलारिया ओरायझी. आमच्या बोलण्यात दोन्ही नावं चालतात. तिचा जीनोम २००५ मध्ये प्रसिद्ध झाला: ७ गुणसूत्रं, सुमारे ४ कोटी बेस जोड्या, ११ हजारांच्या आसपास जनुकं. त्यातलं मला फक्त एक हवं आहे.

प्रश्न असा. बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थेंबात पडतो. पाण्यात खायला काही नाही. तरी २४ तासांच्या आत तो अंकुरतो, अंकुराच्या टोकाला घुमटासारखी एक पेशी बांधतो (अ‍ॅप्रेसोरियम) आणि त्या पेशीत ८ मेगापास्कलपर्यंत दाब तयार करतो. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळपास ४० पट. हा दाब १९९१ मध्ये मोजला गेला, आणि तो ग्लिसरॉल साठवून येतो हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं. घुमटात त्याची तीव्रता ३ मोलरच्याही वर जाते. एवढं ग्लिसरॉल, वरून नवी पेशीभित्ती, वरून मेलॅनिनचा काळा थर, आणि शिदोरी काय तर बीजाणूतली चरबी आणि थोडं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा. या शिदोरीतल्या चरबीचा हिशेब मला लावायचा आहे.

१४ जून

प्लेट छान भरली आहे. मात्र एका बाजूला पाचरीच्या आकाराचा वेगळाच पट्टा आला आहे. बाकीची वसाहत करडी-काळपट, आणि हा पट्टा मळक्या वाळूच्या रंगाचा. आधी वाटलं बाहेरची बुरशी शिरली. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू आपलेच निघाले: नासपतीच्या आकाराचे, तीन पेशींचे.

प्रयोगशाळेतल्या ताईंनी लांबूनच पाहून सांगितलं, "मेलॅनिनचा म्यूटंट आहे, टाकू नकोस." म्यूटंट म्हणजे जनुकात बदल झालेली बुरशी.

मेलॅनिन बनवण्याच्या साखळीतल्या ज्या पायरीवर बिघाड होतो, त्यावरून वसाहतीचा रंग ठरतो. पहिलाच एन्झाइम गेला तर पांढरी, सायटॅलोनचं पाणी काढणारा गेला तर गुलाबी, आणि ट्रायहायड्रॉक्सीनॅप्थॅलीनवर काम करणारा रिडक्टेज गेला तर अशी वाळूच्या रंगाची. ट्रायसायक्लॅझोल हे करप्यावरचं औषध याच रिडक्टेजला अडवतं, म्हणून ते घातलेल्या प्लेटवर साधी बुरशीसुद्धा अशीच दिसते. हे औषध बुरशीला मारत नाही, प्लेटवर ती आरामात वाढते. फक्त घुमट बिनरंगाचे होतात, त्यांच्यातलं ग्लिसरॉल टिकत नाही, दाब चढत नाही आणि पानाची त्वचा भेदता येत नाही. पान ओरखडलेलं असेल तर मात्र हीच बुरशी जखमेतून आत शिरते आणि व्यवस्थित रोग करते.

हा पट्टा मी वेगळा करून ठेवला. पानांच्या प्रयोगात नकारात्मक तुलनेसाठी असं काहीतरी हवंच होतं.

२५ जून

जनुक गाळण्याची, म्हणजे बुरशीच्या डीएनएतून ते काढून टाकण्याची, आखणी झाली. निवडलेलं जनुक आयसीएल१, म्हणजे आयसोसायट्रेट लायेज.

हेच का, ते स्वतःसाठी एकदा नीट लिहून ठेवते. चरबीतली मेदाम्लं पेरॉक्सिझोम या पेशीतल्या कप्प्यात तोडली की दोन-दोन कार्बनचे तुकडे मिळतात, असेटिल-कोए. हे तुकडे नेहमीच्या सायट्रिक आम्ल चक्रात टाकले तर ऊर्जा मिळते, पण जितके कार्बन आत जातात तितकेच कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. त्यातून साखर बांधायला काही उरत नाही. ग्लायॉक्झिलेट चक्र ही कार्बन उडवणाऱ्या त्या दोन पायऱ्यांना दिलेली बगल आहे. आयसोसायट्रेट लायेज आयसोसायट्रेटचे दोन तुकडे करतो, सक्सिनेट आणि ग्लायॉक्झिलेट. मग मॅलेट सिंथेज त्या ग्लायॉक्झिलेटला आणखी एक असेटिल-कोए जोडून मॅलेट करतो. कार्बन वाचतो, आणि त्यातून ग्लुकोज, ग्लुकोजपासून पेशीभित्ती असं पुढे बांधकाम होऊ शकतं. म्हणजे चरबीची साखर करायची तर हा रस्ता लागतोच.

करप्याच्या बुरशीत हे जनुक गाळल्याचं काम २००३ मध्येच झालेलं आहे: म्यूटंट अंकुरायला आणि आत शिरायला उशीर करतो, रोग कमी होतो. त्याआधी, २००१ मध्ये, माणसाला त्रास देणाऱ्या कॅन्डिडा अल्बिकन्समध्येही हेच चक्र रोगासाठी लागतं असं दिसलं होतं. मी नवा शोध लावायला निघालेले नाही. पुढच्या कामासाठी बुरशीच्या आमच्याच वाणात, आमच्याच हाताने केलेला म्यूटंट हवा आहे, आणि त्याची चरबी तासातासाला कुठे असते हे मला स्वतः पाहायचं आहे.

जनुकाच्या दोन्ही बाजूंचे सुमारे १.२ हजार बेसचे तुकडे वाढवून त्यांच्या मध्ये हायग्रोमायसिन प्रतिकाराची कॅसेट जोडायची, म्हणजे हायग्रोमायसिन या मारक औषधात तगू देणारा डीएनएचा तुकडा. यजमान वाण केयू७० हे जनुक नसलेला घेतला आहे. तुटलेली डीएनए टोकं सापडतील तशी जोडणारी यंत्रणा त्यात बंद असते, त्यामुळे कॅसेट भलत्या जागी न बसता बहुतेक वेळा नेमक्या जागी बसते. ही युक्ती २००४ मध्ये न्यूरोस्पोरा या बुरशीत दाखवली गेली आणि तंतुमय बुरश्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाचे कित्येक महिने तिने वाचवले.

८ जुलै

प्रोटोप्लास्ट, म्हणजे कॅसेट आत घालण्यासाठी भित्ती काढलेल्या पेशी, फुटले. सगळे. एन्झाइमने भित्ती विरघळल्यावर छान गोल, चमकदार पेशी मिळाल्या होत्या. धुताना १.२ मोलर सॉर्बिटॉलऐवजी शेजारची पातळ द्रावणाची बाटली हातात आली. भित्ती नसलेली पेशी अशा पाण्यात अर्धा मिनिटही टिकत नाही. बाटल्यांना रंगीत पट्ट्या लावल्या.

१९ जुलै

दुसऱ्या खेपेला जमलं. हायग्रोमायसिनच्या थरातून वसाहती वर आल्या आहेत. २४ उचलल्या. प्रत्येकीचा एकेक बीजाणू वेगळा करून त्यापासून शुद्ध वाण करायचा, कारण एका वसाहतीत बदललेली आणि न बदललेली केंद्रकं शेजारी-शेजारी राहू शकतात.

३० जुलै

पीसीआरने सुरुवातीला गोंधळात टाकलं. दोन्ही बाजूंच्या बाहेरचे प्रायमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावून पाहिलं तर मूळ वाण आणि म्यूटंट यांचे पट्टे जेलवर शेजारी शेजारी, फरक सांगता येईना. कारण साधं होतं: गाळलेला भाग आणि त्या जागी बसवलेली १.४ हजार बेसची कॅसेट यांच्या लांबीत फारसं अंतरच नाही. मग एक प्रायमर कॅसेटच्या आत आणि दुसरा बाजूच्या तुकड्याच्याही बाहेर असा लावला. कॅसेट योग्य जागी बसली असेल तरच पट्टा येणार. शिवाय जनुकाच्या पोटातले दोन प्रायमर लावले. जनुक गेलं असेल तर तिथे काहीच दिसता कामा नये. या दोन्ही कसोट्यांना उतरलेले तीन वाण ठेवले: ४, ११ आणि १७ क्रमांकांचे. यापुढे तिन्ही बरोबरीने चालवायचे. एकाच म्यूटंटवर विसंबून काढलेल्या निष्कर्षावर माझा विश्वास बसत नाही.

७ ऑगस्ट

आहाराच्या प्लेट. कार्बनचा स्रोत म्हणून एकीत ग्लुकोज, दुसरीत सोडियम असेटेट, तिसरीत ऑलिव्ह तेल, चौथीत काहीच नाही.

ग्लुकोजवर म्यूटंट आणि मूळ वाण जुळ्या भावंडांसारखे. असेटेटवर आणि तेलावर पट्टीने व्यास मोजला तर म्यूटंट चक्क वाढलेला दिसतो! पण प्लेट उजेडासमोर धरली की खरं काय ते कळतं. मूळ वाणाची वसाहत दाट लोकरीसारखी, आणि म्यूटंटची इतकी विरळ की पलीकडची अक्षरं वाचता येतात. काहीच न घातलेल्या प्लेटवरही दोघं तितकीच विरळ पसरली आहेत. उपाशी बुरशी अन्नाच्या शोधात धागे लांबवर टाकते. तिथे वाढीचा व्यास म्हणजे वाढ नव्हे. वहीत व्यासाचा रकाना खोडला आणि कोरडं वजन घ्यायचं ठरवलं.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिन्ही म्यूटंटना बीजाणू कमी येतात, नजरेला जाणवण्याइतके कमी. हे आजच लिहून ठेवते.

१२ ऑगस्ट

कव्हरस्लिपवरचा पहिला प्रयोग. मीडियमच्या प्लेटवर पाणी ओतून काचेच्या दांड्याने बीजाणू मोकळे केले, गाळले, हिमोसायटोमीटरखाली मोजून प्रत्येक वाण मिलिलिटरला १ लाख बीजाणूंवर आणला. पाणी न धरणाऱ्या कव्हरस्लिपवर थेंब ठेवले, ओलसर डब्यात बंद केले.

मूळ वाण पुस्तकात लिहिल्यासारखा वागला. दोन तासांत अंकुर, सहा तासांत टोकाला फुगवटा, दुसऱ्या सकाळी काळे गोल घुमट. म्यूटंटचे अंकुर लांबच लांब, वळसे घेत गेलेले, आणि घुमट अगदी तुरळक. तिन्ही वाणांत तेच. मन हरखून गेलं. म्हटलं, चरबीची साखर झाली नाही तर घुमट उभाच राहत नाही. रात्री मार्गदर्शक मॅडमना चित्रं पाठवली.

त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: "पानावर काय करतात ते बघून मग बोलू."

२३ ऑगस्ट

पानावर ते रोग करतात.

तीन आठवड्यांची रोपं, तेच १ लाख बीजाणूंचं द्रावण, पानाला धरून राहावं म्हणून थोडं जिलेटिन, २४ तास अंधार आणि दमट हवा. पाचव्या दिवशी मूळ वाणाचे ठिपके नेहमीचे: दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखाडी, कडेला तपकिरी. म्यूटंटचेही जवळजवळ तसेच, तेवढेच. वाळूच्या रंगाच्या वाणाने मात्र एकही ठिपका केला नाही, म्हणजे प्रयोगाच्या मांडणीत दोष नाही.

कव्हरस्लिपवर ज्याला घुमट बांधता येत नाही, तो पानात शिरला कुठून? दोन निरीक्षणं एकमेकांच्या तोंडावर उभी आहेत, आणि दोन्ही माझ्याच डोळ्यांनी पाहिलेली.

२७ ऑगस्ट

पहिली शंका: रोपांवर पडलं ते म्यूटंटच होतं का? ठिपक्यांचे तुकडे वरून निर्जंतुक करून ओल्या आगरवर ठेवले, बीजाणू आल्यावर उचलून हायग्रोमायसिनवर टाकले. वाढले. पीसीआर केला, जनुक नाहीच. म्हणजे म्यूटंटच.

दुसरी शंका अशी की पानाचा पृष्ठभाग कव्हरस्लिपपेक्षा वेगळा संकेत देतो. हे खरंच आहे. पानावरच्या मेणाचे आणि क्युटिनचे घटक घुमट बांधायला उत्तेजन देतात, हे माहीत असलेलं आहे. पण त्यामुळे साखर बनवता न येणारी बुरशी एकाएकी मूळ वाणाइतकी सक्षम व्हावी, हे पटत नाही.

दिवसभर वही चाळत बसले.

१ सप्टेंबर

उत्तर ७ ऑगस्टच्या शेवटच्या परिच्छेदात होतं. म्यूटंटला बीजाणू कमी येतात.

मूळ वाणाच्या प्लेटवरून इतके बीजाणू निघतात की १ लाखावर आणायला त्यात दहापट पाणी घालावं लागतं. म्यूटंटचे कमी निघतात, म्हणून ते द्रावण मी जवळपास जसंच्या तसं वापरलं. आणि प्लेटवर ओतलेलं पाणी हे नुसतं पाणी नसतं, ते मीडियम चाटून आलेलं असतं. कंप्लीट मीडियमच्या लिटरभरात १० ग्रॅम ग्लुकोज, २ ग्रॅम पेप्टोन, १ ग्रॅम यीस्ट अर्क, १ ग्रॅम कॅसअमिनो आम्लं. म्हणजे ज्या वाणाच्या उपासमारीचा मी अभ्यास करते आहे, नेमक्या त्याच वाणाच्या थेंबात मी जास्त अन्न घालत होते.

यात दोन्ही निरीक्षणं बसतात. पेप्टोन आणि यीस्ट अर्क घुमट बांधणं रोखतात, हे या बुरशीत पूर्वीपासून माहीत आहे. अमिनो आम्लं भरपूर असली की टॉर हा संकेतमार्ग चालू राहतो, पेशी वाढीच्याच नादात राहते आणि अंकुर लांबत जातो. कव्हरस्लिपवर दिसलं ते हेच असणार. पानावर मात्र क्युटिनचा संकेत ती रोख मोडत असावा, आणि थेंबातलं ग्लुकोज म्यूटंटची साखरेची उणीव भरून काढत असावं.

हे अजून फक्त तर्क आहेत. उद्या तपासायचं.

२ सप्टेंबर

आजचा प्रयोग साधा होता, पण या उन्हाळ्यापासून केलेल्या सगळ्या कामात मला तोच सर्वांत आवडला.

म्यूटंटचं न धुतलेलं द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, तळाचे बीजाणू बाजूला ठेवले आणि वरचं नितळ पाणी बारीक गाळणीतून काढून घेतलं. मूळ वाणाचे बीजाणू तीनदा निर्जंतुक पाण्याने धुऊन या पाण्यात सोडले. उलट बाजूने म्यूटंटचे बीजाणू तीनदा धुऊन स्वच्छ पाण्यात ठेवले. म्हणजे पाण्यांची अदलाबदल.

सहा तासांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. म्यूटंटच्या पाण्यात मूळ वाणाचे अंकुर लांब, वळसे घेणारे, घुमट तुरळक. हुबेहूब १२ ऑगस्टचं चित्र! आणि स्वच्छ पाण्यातला म्यूटंट? अंकुर आखूड, सरळ, काही टोकांवर फुगवटा नुकता धरू लागलेला. सकाळपर्यंत बहुतेकांना घुमट आले होते.

मॅडमना फोन केला. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "आता ऑगस्टची चित्रं काढून टाकू नकोस. बाजूला शेरा लिहून तशीच ठेव." ठेवली.

६ सप्टेंबर

कालपासून आज सकाळपर्यंत सलग बसून चरबी पाहिली. धुतलेले बीजाणू, स्वच्छ पाणी, चरबी चमकवणारा नाइल रेडचा रंग, दर दोन तासांनी नवी कव्हरस्लिप. मूळ वाण आणि म्यूटंट ११.

० तास. दोघांत फरक नाही. बीजाणूच्या तिन्ही पेशी चरबीच्या थेंबांनी गच्च भरलेल्या, काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या मण्यांसारख्या.

२ तास. मूळ वाणाच्या बहुतेक बीजाणूंच्या टोकाच्या पेशीतून अंकुर बाहेर. म्यूटंटमध्ये बरेच बीजाणू अजून जसेच्या तसे.

४ तास. मूळ वाणात मणी अंकुरातून निघाले आहेत. एका बीजाणूवर पंधरा मिनिटं नजर ठेवली. एक थेंब अंकुराच्या मध्यापर्यंत सरकला, थबकला, पुन्हा सरकला. चरबीची ही वाहतूक सुरू व्हायला पीएमके१ हा एमएपी कायनेज, म्हणजे संकेत पुढे नेणारा एन्झाइम, लागतो. आणि घुमटात चरबी फोडायला प्रोटीन कायनेज ए. हे २००० मध्ये दाखवलं गेलं होतं, आणि आज ती वाहतूक माझ्या डोळ्यांदेखत चालली होती.

८ तास. मूळ वाणात घुमटात बारीक थेंब एकत्र येऊन मोठे झालेले. म्यूटंट आत्ता कुठे मूळ वाणाच्या चौथ्या तासावर आहे.

१४ तास. मूळ वाणाच्या घुमटातली चमक मंदावू लागली, भोवती मेलॅनिन गडद. मागचा बीजाणू पोकळ, सुरकुतलेला. त्याच्या तिन्ही केंद्रकांसह तो स्वतःला पचवतो, आणि हे आत्मभक्षण अडवलं तर रोगच होत नाही. म्यूटंटचे घुमट आकाराने पूर्ण झाले आहेत, पण आत चरबी भरून पडलेली आहे.

२४ तास. मूळ वाणाच्या घुमटात चमक जवळजवळ नाही. म्यूटंटमध्ये अजून ठळक.

म्हणजे चरबी पोहोचते, उशिरा पण पोहोचते. तिथे गेल्यावर ती खर्ची पडत नाही. माल गोदामात आला आहे, पुढची वाट अडलेली आहे. पण मेलॅनिन मात्र म्यूटंटला चांगलं येतं, आणि तेही असेटिल-कोएपासूनच बनतं. यात विसंगती नाही. मेलॅनिनसाठी तुकडे सरळ वापरता येतात, त्यांची साखर करावी लागत नाही. पेरॉक्सिझोमच बिघडलेल्या म्यूटंटमध्ये मेलॅनिनही घटतं असं वाचलं होतं. तिथे तुकडे तयारच होत नाहीत. आमच्या म्यूटंटमध्ये तुकडे होतात, पण एक वाट बंद आहे. आज हा फरक रंगात दिसला.

२० सप्टेंबर

पानांचा प्रयोग नव्याने. सगळे वाण तीनदा धुतलेले. तीन गट: स्वच्छ पाणी, ग्लुकोज घातलेलं पाणी, आणि ओरखडलेली पानं.

स्वच्छ पाण्यात म्यूटंटचे ठिपके थोडे, लहान, आणि दोन दिवस उशिरा. ग्लुकोज घातलं की वाढतात, पण मूळ वाणाइतके होत नाहीत. ओरखडलेल्या पानांवर दोघं सारखे. आत शिरल्यावर वनस्पतीची साखर मिळते, तिथे या चक्राची गरज फारशी राहत नसावी. सगळी अडचण दाराबाहेरच्या त्या एका दिवसातली आहे. मोहरीवर्गीय पिकांवरच्या लेप्टोस्फेरिया मॅक्युलान्समध्येही आयसोसायट्रेट लायेज गेल्यावर ग्लुकोज घातलं की रोग काही अंशी परत येतो, त्याच्याशी हे जुळतं.

वाळूच्या रंगाच्या वाणाला ग्लुकोजने काहीच फरक पडला नाही. अपेक्षित होतं, पण प्रत्यक्ष पाहिल्याने बरं वाटलं.

४ ऑक्टोबर

दाबाचा अंदाज. घुमट पक्के झाल्यावर पाणी काढून त्या जागी १, २ आणि ३ मोलर ग्लिसरॉल घालायचं आणि दहा मिनिटांनी किती घुमट चेपले ते मोजायचं. बाहेरची तीव्रता आतल्यापेक्षा जास्त झाली की पाणी बाहेर खेचलं जातं आणि घुमट भित्तीसकट आत बसतो, फुटबॉलची हवा गेल्यासारखा. २४ तासांच्या घुमटांत म्यूटंट मूळ वाणाच्या मानाने पातळ द्रावणातच चेपतो. ४८ तासांनी अंतर बरंच कमी होतं. मोजणी कुठला वाण कोणता हे न सांगता ताईंकडूनही करून घेतली; आकडे जुळले.

१८ ऑक्टोबर

जनुक परत घातलेला वाण तयार. सल्फोनिलयूरिया प्रतिकाराच्या मार्करबरोबर (बदललेला वाण निवडायची खूण), स्वतःच्या प्रमोटरसह (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग). असेटेटवर दाट लोकर, अंकुर वेळेवर, पानांवर ठिपके पूर्ववत. ४, ११ आणि १७ यांच्यातल्या उणिवा याच जनुकामुळे आहेत, याबद्दल आता शंका नाही.

एका पाहुण्या विद्यार्थ्याने विचारलं की मग या एन्झाइमवर औषध का काढू नये, सस्तन प्राण्यांत तर हे चक्र नसतं. प्रश्न रास्त आहे. पण वनस्पतींमध्ये ते असतं, तेलबिया अंकुरताना रोपं याच वाटेने तेलाची साखर करतात. शिवाय आमच्या म्यूटंटला उशीर होतो, तो थांबत नाही. ट्रायसायक्लॅझोल जसं दारच बंद करतं तसं इथे होणार नाही.

२ नोव्हेंबर

मग म्यूटंटला उशिरा का होईना, पण दाब मिळतो कशाच्या जोरावर? थोडं ग्लिसरॉल चरबी फुटतानाच सुटतं, प्रत्येक ट्रायग्लिसराइडमागे एक रेणू. बाकीचं?

आज आयोडीनचा रंग देऊन ग्लायकोजेन पाहिलं. मूळ वाणात अंकुरताना बीजाणूतला तपकिरी रंग उतरतो आणि मग नव्या घुमटात काही काळ पुन्हा दिसतो. म्यूटंटमध्ये बीजाणूतला रंग उतरतो, पण घुमटात तो जवळजवळ दिसतच नाही, जणू हाती आलं ते लगेच खर्चून टाकलं. दोनच कव्हरस्लिपवर पाहिलं आहे, अजून निष्कर्ष काढत नाही.

ग्लायकोजेन तोडणाऱ्या फॉस्फोरिलेजचं जनुक ११ क्रमांकाच्या वाणात गाळून दुहेरी म्यूटंट करता येईल. हायग्रोमायसिन वापरून झालं आहे, म्हणून मार्कर बायलाफॉस प्रतिकाराचा. प्रायमर आखून झाले, मॅडमनी पाहिले. फ्रीझरमधून ११ क्रमांकाची नवी चकती काढून प्लेटवर ठेवली आहे. बीजाणू धुतल्यावर तिसऱ्या पाण्यात ग्लुकोज उरतं का, हे तपासायच्या पट्ट्या शेजारच्या खणात ठेवल्या.